४३ फुटांची वाट बघू नका

एका दादांनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. वय ४१, कोल्हापुरात पंचगंगा नदीकडच्या भागात घर, खाली दुकान आणि वर राहायला. २०१९ च्या पुरात दुकान बुडालं, उभं केलं, २०२१ ला परत बुडालं. आता जुलैमध्ये दोन दिवस सलग पाऊस लागला की पोटात गोळा येतो, रात्री तीन-तीनदा उठून मोबाईलवर राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी बघतात, छाती भरून येते आणि घरात कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जातात. मागच्या आठवड्यात ९ वर्षाच्या मुलाने शाळेतून येऊन ओलं दप्तर मालाच्या पोत्यावर ठेवलं म्हणून त्याच्या कानाखाली मारली. नंतर बाथरूमचं दार लावून रडले. "ताई, योगा केला, कपालभाती पण केली, काही फरक नाही. यंदा आलं तर मी संपलो. मी वेडा व्हायला लागलोय का? हा राग कंट्रोल कसा करायचा?"

दादा, वेडे होत नाहीय तुम्ही. बावीस वर्षं समुपदेशन करतीय, त्यातली शेवटची काही वर्षं दर पावसाळ्यात तुमच्यासारखी माणसं येतातच, आणि गंमत म्हणून नाही खरंच सांगते, बहुतेकजण रागाची तक्रार घेऊन येतात आणि राग हा त्यांचा मूळ प्रॉब्लेम नसतोच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी एका शाळेच्या हॉलमधल्या निवारा छावणीत होते. पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, गावात प्यायला पाणी नाही. तिथे एक साठीचे काका होते (कोण ते कळू नये म्हणून तपशील थोडे बदलते). सकाळी चहा वाटणाऱ्या पोरावर ते असे काही तुटून पडले की हॉल गप झाला, काय तर चहा गार आहे. पोरगं बिचारं कॉलेजचं, स्वतःच्या खिशातून साखर आणलेली, रडकुंडीला आलं. लोक म्हणायला लागले म्हातारा माजलाय. मी जाऊन नुसती त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मास्तरीणबाई, दोन म्हशींचं दावं सोडलं ते आठवतंय, तिसरीचं सोडलं का न्हाई तेच ध्यानात येईना झालंय." आणि हे बोलताना त्यांचा उजवा हात हवेत गाठ सोडल्यासारखा हलत होता. अंगठा आणि पहिलं बोट, परत परत. रात्रभर ते तेच करत होते, ती गाठ सोडून बघत होते.

चहाचा आणि रागाचा काही संबंध नव्हता हो. खाली भीती होती, त्याच्याखाली अपराधीपणा, आणि राग फक्त वरच्या सालीसारखा. राग दाखवायला सोपा पडतो, विशेषतः आपल्याकडच्या पुरुषांना, कारण लहानपणापासून घाबरलेला दिसलास तर हसतील, चिडलेला दिसलास तर वचकून राहतील हेच बघितलेलं असतं. तुमच्या पोराने दप्तर ठेवलं तेव्हा तुमच्या डोक्यात दप्तर नव्हतं, भिजलेला माल होता. २०१९ चा आणि २०२१ चा.

आता हे अंगात कसं घडतं तेवढं समजून घ्या, कारण ते कळलं की स्वतःची लाज कमी वाटते. मेंदूत अमिग्डला म्हणून बदामाएवढा एक भाग आहे, त्याचं काम धोका दिसला की बोंब मारायची. त्याला कॅलेंडर कळत नाही. पत्र्यावरचा पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, व्हॉट्सॲपवर "पाणी पातळीत वाढ" एवढे शब्द, यातलं काहीही एक मिळालं की तो समजतो परत तेच. मग ॲड्रेनॅलिन सुटतं, काळीज जोरात धडधडतं, श्वास वरवरचा होतो, स्नायू ताठतात आणि पचनाचं काम मागं पडतं, म्हणूनच तो पोटात गोळा. हे सगळं तुम्ही विचार करायच्या आधी होतं. म्हणजे त्या सेकंदाला "शांत हो रे बाबा" असं स्वतःला सांगून काही होत नसतं, ऐकणारा भाग त्यावेळी मागच्या बाकावर बसलेला असतो.

म्हणून पहिलं काम शरीराचं. आणि इथे तुमच्या कपालभातीबद्दल बोलते, कारण ही चूक मी खूप जणांची बघितलीय. कपालभाती वाईट नाही, पण आधीच जीव वर-खाली होत असताना भराभर श्वास फेकला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं बघा आता काहीतरी झालंच मला. अशा वेळी उलट करायचं असतं. श्वास सोडणं लांबवायचं. चार आकडे मोजत नाकाने घ्यायचा आणि सहा ते आठ मोजत सावकाश सोडायचा, ओठ थोडे मिटून, गरम दुधावर फुंकर मारतो तसं. श्वास सोडताना काळजाचे ठोके आपोआप जरा मंदावतात, शरीराची रचनाच तशी आहे, तर आपण तो सोडण्याचा वेळ वाढवायचा एवढंच. तीन-चार मिनिटं. पहिल्या मिनिटात काही वाटणार नाही, तिथंच लोक सोडून देतात.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच गुदमरतं. तसं होत असेल तर श्वास राहू दे, पाय फरशीवर घट्ट दाबा, दोन्ही मुठी दहा सेकंद आवळून सोडा, चार-पाच वेळा. तोंडावर गार पाण्याचे हबके मारा, डोळ्याभोवती आणि गालांवर, त्यानेही ठोके खाली येतात (हृदयाचा त्रास असेल तर बर्फाच्या पाण्याचे प्रयोग नकोत, साधं नळाचं पाणी पुरे). आणि समोर दिसतंय ते मनात नाव घेऊन मोजा, वजनकाटा, कॅलेंडर, तेलाचा डबा, बायकोची छत्री. मेंदूला कळावं लागतं की आपण आत्ता इथं आहोत आणि दुकान कोरडं आहे.

पण हे सगळं करायचं कधी, खरी गोष्ट तिथंच आहे, आणि मला तुम्हाला एकच गोष्ट नीट पोहोचवायची असेल तर ती ही.

आपल्या पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. मला सांगा, सामान वर कधी नेता? ३९ च्या आसपासच ना, किंवा त्याच्याही आधी. ४३ ला पाणी उंबऱ्यात आल्यावर फ्रिज उचलायला गेलं तर फ्रिज पण जातो आणि कंबर पण. मनाचं तंतोतंत तसंच आहे आणि तरी प्रत्येकजण मला ४३ चा उपाय विचारतो. "ताई, डोक्यात सणक गेली की काय करू?" सणक गेल्यावर करण्यासारखं फार कमी उरतं हो. हात घालायचा तो ३९ ला.

तर तुमचा ३९ फूट कसा दिसतो ते शोधायचं. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणाचा जबडा आवळला जातो, कुणाचा आवाज बारीक होऊन वाक्यं तुटक यायला लागतात, कुणी उगाच ड्रॉवर उघडझाप करतं, कुणाला कानशिलं गरम लागतात. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ होते त्यांना स्वतःला काहीच सांगता येईना, "मला एकदमच येतो राग" म्हणायचे, मग त्यांच्या मिसेसना विचारलं तर त्या पटकन म्हणाल्या, "गाडीची किल्ली बोटात फिरवायला लागले की मी पोरांना आतल्या खोलीत घेते." म्हणजे अख्ख्या घराला इशारा पातळी माहीत होती, फक्त ज्याची नदी त्याला माहीत नव्हती. गृहस्थ गप झाले, मग बराच वेळ हातातल्या किल्लीकडे बघत बसले. तिथून त्यांच्यात फरक पडायला लागला. तुम्ही पण वहिनींना विचारा. विचारताना आणि ऐकताना मध्ये बोलायचं नाही, "असं काही नसतं हं माझं" असं तर अजिबात नाही.

खूण कळली की मग घरात एक शब्द ठरवा. "पाणी चढलंय" एवढंच म्हणा हवं तर. तो शब्द कुणीही उच्चारला, तुम्ही किंवा वहिनींनी, की तुम्ही तिथून उठायचं. दार आपटून नाही, "मी वीस मिनिटांत येतो" असं सांगून. न सांगता निघून गेलेला माणूस घरच्यांना ओरडणाऱ्यापेक्षा जास्त धसका देतो. आणि वीस मिनिटं का, तर अंगात चढलेलं उतरायला साधारण तेवढा वेळ तरी लागतोच, पाच मिनिटांत परत आलात तर उरलेलं भांडण सुरू. त्या वीस मिनिटांत गल्लीतून एक चक्कर मारा, जिना चढा-उतरा, श्वास करा, पण मनात त्याच भांडणाची रिव्हिजन नको, "ती असं म्हणाली, मग मी असं म्हणायला पाहिजे होतं" हे चालू असेल तर पाणी उतरत नाही, मागून धरणातून सोडल्यासारखं चढतच राहतं.

आणि हे सगळं पावसाळ्याबाहेर शिकायचं असतं बरं का. तालमीत कुठला पैलवान खासबाग मैदानात कुस्ती लागल्यावर डाव शिकतो? रोज पहाटे मातीत घोटून घोटून तो अंगात बसतो तेव्हा मैदानात विचार न करता निघतो. तसा हा लांब श्वास रोज दोनदा, काही झालेलं नसताना, दुकान उघडल्यावर गल्ल्यावर बसून आणि रात्री झोपताना. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलात तर तिथे पण. महिनाभर केलं तर मग त्रासाच्या वेळी तो हाताशी येतो, एकदम गरजेलाच करायला गेलं तर नाही येत, आणि मग माणूस म्हणतो असल्यानं काही होत नाही.

चुकून ४३ गाठलंच तर? होणार, नाही असं नाही. तेव्हा नियम एकच, त्या वेळी काहीही ठरवायचं नाही आणि काहीही समजावून सांगायला जायचं नाही. भावाला व्हॉइस मेसेज नाही, दुकान विकून टाकतो नाही, बायकोला मागच्या दहा वर्षांचा हिशोब नाही. दोन्ही हात स्वतःच्याच हातात धरायचे आणि पोरापासून लांब व्हायचं. बास.

दुसरं, नाव द्या. आपल्याला सगळ्यालाच "टेन्शन" म्हणायची सवय लागलीय, टेन्शन आलंय म्हणजे नक्की काय आलंय? धाकधूक आहे का, वैताग आहे, चीड आहे, हतबल वाटतंय, लाज वाटतीय, की नुसती घालमेल? मराठीत यासाठी इतके नेमके शब्द आहेत, ते वापरा. हे भाषेचं प्रेम म्हणून सांगत नाहीय, २००७ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅन करत प्रयोग केला, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की त्याच अमिग्डलाची धावपळ कमी होते असं दिसलं. माझा अनुभव पण तोच आहे. "मला राग आलाय" म्हणणाऱ्याला मी विचारते, त्याच्याखाली काय आहे, आणि "मला भीती वाटतीय की तिसऱ्यांदा उभं राहता नाही आलं तर" एवढं वाक्य बाहेर पडलं की खांदे दिसतात खाली आलेले. वहिनींना एकदा हे वाक्य सांगून बघा. आतापर्यंत त्यांना फक्त ओरडणं ऐकू आलंय, भीती ऐकू आलेली नाही.

मग ते "पॉझिटिव्ह राहा, मनावर घेऊ नका" सांगणारे. चांगल्या मनाने सांगतात पण त्याने माणूस फक्त चेहरा दाबायला शिकतो. भावना चेहऱ्यावर न दाखवल्याने आत कमी होत नाही, शरीर तेवढंच तापलेलं राहतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, ते दरवाजे बांधणाऱ्यांना भिंतीवर भरवसा नव्हता म्हणून नाही केले, भिंत टिकावी म्हणून केले. तुम्हाला पण रोजचा थोडा विसर्ग पाहिजे, मित्राशी दहा मिनिटं मोकळं बोलणं, व्यायाम, कुणासमोर तरी रडणं, बाथरूमचं दार न लावता.

आता नदीबद्दल, कारण तुमची भीती काही खोटी नाहीय. घर खरंच पूररेषेजवळ आहे आणि २०२१ ला पाणी ५६ फुटांच्याही वर गेलेलं. इथे मी नुसतं मनाचं बोलून चालणार नाही. जे हाताने करण्यासारखं आहे ते शांत डोक्याने, कोरड्या दिवशी, कागदावर लिहा. किती फुटांना खालच्या दोन रॅकचा माल वर, किती फुटांना आई बहिणीकडे, दुकानाची कागदं कुठल्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये, सिलिंडर कुठे बांधायचा, आईची महिन्याची औषधं, कुणाचा टेम्पो मिळतो त्याचा नंबर. आकडे आधीच ठरलेले असले की रात्री दोनला उठून "नेऊ की नको, नेऊ की नको" हा खेळ थांबतो, पातळी ठरवते, तुम्ही फक्त करता. आणि मोबाईल दिवसातून तीन वेळा, सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ, त्यापलीकडे नाही. दर वेळी बघितल्यावर क्षणभर बरं वाटतं म्हणून परत बघावं वाटतं, आणि बघत राहिल्याने मेंदूला पटतं की हे फारच धोक्याचं आहे. खरंच इशारा पातळी ओलांडली तर मग जास्त बघा, ते गरजेचं आहे. पण ३१ फुटांना रात्री तीनला बघून तुम्हाला काय मिळणार आहे, उद्याची झोपमोड सोडून. गल्लीतल्या एकाने जबाबदारी घ्यावी, अमुक फुटांना सगळ्यांना फोन करायचा, बाकीच्यांनी झोपावं. कागद लिहून झाल्यावर पण जी काळजी उरते ती उरणार, तिला जवळ बसू द्यायचं, तिच्याशी वाद घालत बसायचं नाही.

आणखी एक वाक्य पकडा तुमच्या मेसेजमधलं. "यंदा आलं तर मी संपलो." कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठीत आणली, त्यातली गोष्ट हीच आहे, घटना आणि आपला त्रास यांच्या मध्ये एक वाक्य असतं. यंदा पाणी आलं तर फार वाईट होईल, लाखाचं नुकसान होईल, हे खरं आहे, ते नाकारू नका. पण "संपलो" हे खरं नाही. तुम्ही दोनदा बुडालेलं दुकान दोनदा उघडलंय. चिखल काढला, रॅक धुतले, उधारीवर माल भरला. "फार अवघड जाईल पण मला ते झेपलेलं आहे" हे वाक्य जास्त खरं आहे, आणि ते पुरावा असलेलं आहे.

पोराबद्दल. हे मी सगळ्यात कळकळीने लिहितेय. नऊ वर्षाच्या मुलाला पूर कळतो पण तुमची भीती कळत नाही, त्याला एवढंच कळतं की मी काहीतरी केलं आणि बाबांनी मारलं. पूर ओसरल्यावर गाळ लगेच काढावा लागतो, वाळला की खरवडून पण निघत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तर आजच्या आज त्याच्या उंचीला खाली बसा आणि म्हणा, "त्या दिवशी मी तुला मारलं ती माझी चूक होती. मला दुकानाची भीती वाटत होती आणि ती मी तुझ्यावर काढली. तुझ्यामुळे झालं नाही. मी हात उचलणार नाही यावर काम करतोय." पुढे "पण तू पण दप्तर..." असलं काही जोडायचं नाही, तो "पण" आला की माफी संपली. त्याच्या बदल्यात आईस्क्रीम पण नको, आईस्क्रीम नंतर कधीतरी द्या, वेगळ्या कारणाने. तो काही बोलणार नाही कदाचित, मान हलवून खेळायला पळेल. चालतंय. आणि त्याच्या मनात पण दोन पूर आहेत हे विसरू नका, त्याला पाऊस आवडतो का नाही हे विचारलंय का कधी?

चहा दिवसाला सात-आठ कप होत असेल तर संध्याकाळनंतरचा बंद करा. झोप यावी म्हणून रात्री दारू घेत असाल तर ती पण थांबवा, दारूने झोप लागते पण पहाटे तीनला उठवते आणि तेव्हाची घालमेल सगळ्यात वाईट.

छाती भरून येते म्हणालात त्याचं आधी ईसीजी करून घ्या, एकेचाळिसाव्या वर्षी ते मनाचंच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. ते नॉर्मल आलं आणि तरी पुराची स्वप्नं पडतायत, खालच्या मजल्यावर जायला नको वाटतं, पाऊस नसताना पण दचकायला होतं, आणि हे महिन्याच्या वर चाललंय, तर हे आघातानंतरचं दुखणं असू शकतं आणि त्याला चांगले उपचार आहेत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. आणि जगून काय उपयोग असं एकदा जरी मनात आलं तर वाट न बघता १४४१६ ला फोन करा, ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नाव सांगायलाच पाहिजे असं नाही.

त्या काकांचं राहिलं. पाणी उतरल्यावर ते गावी गेले. तिसरी म्हैस मिळाली नाही त्यांना. दावं सोडलेलं होतं का नव्हतं हे पण कळलं नाही, खुंटाच वाहून गेलेला. दोन महिन्यांनी ते माझ्याकडे आले ते एवढंच विचारायला, की त्या चहावाल्या पोराचा पत्ता मिळेल का. पिशवीत त्यांच्या उरलेल्या म्हशींचं दोन लिटर दूध होतं, त्याच्यासाठी आणलेलं.